निको बसत नाही

फालानिको अमेरिकेत फुटबॉल खेळत होता, त्या काळात त्याच्या बेटावरच्या वाईसिना गावात रविवारी सकाळी एक गोष्ट हमखास व्हायची. टीव्हीवर शिट्टी वाजायची, पिवळं फडकं हिरवळीवर पडायचं, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणायचा, "होल्डिंग. क्रमांक सहासष्ट." आणि सालाफाईच्या घरात टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

"घेतलं! आपल्या निकोचं नाव घेतलं!"

नाव कसलं, नुसता नंबर. पण तेवढंही कुणी घेतच नसे. तो लंबगोल चेंडू ज्याच्या हातात, कॅमेरा त्याच्या मागे. निकोच्या हातात चेंडू कधीच नसायचा. तो लाइनमन. चेंडू फेकणारा मागे उभा, त्याच्यासमोर निको आणि त्याच्यासारखे चार डोंगर, आणि पलीकडून धावून येणाऱ्यांना अडवायचं एवढंच त्यांचं काम. तीन तास सालाफाईला भाच्याची दिसायची ती पाठ, आणि पाठीच्या खालचा भाग. तोंड बघायला मिळायचं ते पंच ओरडला की. त्यामुळे तो पंच सालाफाईला फार आवडायचा. पाद्रीबाबांनी तर एकदा प्रार्थनेत सांगितलं होतं की परमेश्वराच्या कृपेने आज आपल्या मुलाचा दोनदा जाहीर उल्लेख झाला.

निको सुट्टीवर आला तेव्हा त्याला हे कळलं. सालाफाई त्याची मावशी, पण वाढवलं तिनेच, म्हणून तो तिला तिना म्हणायचा, म्हणजे आई.

"अगं तिना, तो फाउल असतो. मी चुकलो की नंबर घेतात."

सालाफाईने फणसासारख्या ब्रेडफ्रूटवरून हात काढला आणि विचार केला.

"म्हणजे चुकल्याशिवाय तुझ्याकडे कुणी बघतच नाही?"

"नाही."

"मग जरा जास्त चूक."

निकोने तो सल्ला मानला नाही. उलट त्या रांगेत त्याच्याइतका स्थिर माणूस नव्हता, असं त्याचे प्रशिक्षक सांगायचे. बोटं जमिनीला टेकवून, गुडघे वाकवून, हाक येईपर्यंत दगडासारखं थांबायचं. हाक आली की समोरच्या चार मणांच्या माणसावर जाऊन आदळायचं. परत उठायचं, परत वाकायचं. सतराव्या वर्षी गाव सोडून गेलेला मुलगा अकरा हंगाम हेच करत राहिला. बर्फात केलं, चिखलात केलं, बोट मोडलेलं असताना शेजारच्या बोटाला बांधून केलं. त्याच्या मागे उभं राहून चेंडू फेकणाऱ्याच्या जाहिराती लागायच्या. निकोला एकदा विमानतळावर कुणीतरी ओळखलं, पण तो माणूस त्याला दुसराच कुणी समजत होता.

शेवटी गुडघे गेले. आधी डावा, मग उजवा, मग डावा पुन्हा. तिसऱ्यांदा कापाकापी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे बघ, तू चालशील. उभा राहशील. ओझंसुद्धा उचलशील. फक्त जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. तेवढं एक सोडलं तर सगळं ठीक आहे."

निको इतका हसला की डॉक्टर घाबरले.

"काय झालं?"

"काही नाही, डॉक्टर. आमच्या गावात दुसरं काही करतच नाहीत."

खरंच होतं ते. वाईसिनात जेवायचं मांडी घालून, प्रार्थना मांडी घालून, सभा मांडी घालून, पाहुण्याचं स्वागत मांडी घालून. आणि पाय पसरून ते समोरच्याकडे करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. पलीकडच्या गावात एक गृहस्थ होते. सरदारकीची पदवी मिळण्याच्या दिवशीच त्यांच्या पायाला वांब आला आणि पाय गेला सरळ, थेट मोठ्या सरदाराच्या दिशेने. त्याला तीस वर्षं झाली. गृहस्थ वारले. पण त्यांच्या कुटुंबाच्या मालकीची बस अजूनही वाईसिनातून गेली की रस्त्याकडेची पोरं एक पाय पुढे काढून दाखवतात, आणि बसमधली नातवंडं माना खाली घालतात.

तर असा निको गुडघ्यांत खिळे आणि बॅगेत मलमाची डबी घेऊन कायमचा गावी परत आला. सालाफाईने त्याला मिठी मारली, रडली, मग लांब धरून बघितलं.

"वाळलास."

"तिना, माझं वजन एकशेतीस किलो आहे."

"तेच म्हणते मी. बस, जेवायला बस."

चारी बाजूंनी उघडं घर, खाली चटया, चटयांवर सगळं कुटुंब मांडी घालून तयार. मधोमध तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, तळलेली टर्कीची शेपटं. निको त्या चटईकडे असा बघत राहिला, जसं समोरच्या संघाच्या सर्वांत आडव्या माणसाकडेही कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात देव धावला. चर्चपाशी टांगलेली रिकामी गॅसची टाकी कुणीतरी लोखंडाने बडवली: टण, टण, टण. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. या वेळात गावातून कुणी चालायचं नाही, गाडी न्यायची नाही; पदवी नसलेले तरुण रस्त्यावर ओळीने उभे राहतात आणि येणाऱ्याला अडवतात.

"मी जातो!" निको म्हणाला.

"कुठे?"

"रस्त्यावर. अडवायला."

"अरे, आज आलास! ते पोरांचं काम."

"मलाही पदवी नाही, तिना. मीही पोरच."

आणि तो गेलासुद्धा. रस्त्यावर पोरांचा म्होरक्या होता सेकोने नावाचा पोरगा, निकोपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि तोंडाने तीस वर्षांनी मोठा. सगळ्या गावाच्या नकला करायचा. निकोला बघून त्याने कंबरेवर हात ठेवले आणि पंचाचा आवाज काढला, "होल्डिंग! क्रमांक सहासष्ट!" मग म्हणाला, "सोले, अरे दोस्ता, तू कशाला आलास? टीव्हीवाला मोठा माणूस तू."

"गड्या, अडवण्यात माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे."

"मग त्या वळणावर उभा राहा. तुला बघून बससुद्धा थांबेल."

बस खरंच थांबली. ड्रायव्हरने तर इंजिनही बंद केलं.

इकडे सालाफाईच्या घरात म्हातारी शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "बघितलंस? इतका मोठा झाला, पण पहिल्याच दिवशी सेवेला गेला. बसलासुद्धा नाही."

तिथून सुरू झालं. निको बसत नाही, हे गावाने हेरलं आणि त्याचा अर्थ आपल्या मनाने लावून टाकला. सभा भरली की निको बाहेर नारळ सोलत उभा. लग्न असलं की निको भट्टीपाशी, तापलेले दगड चिमट्याने उलटत उभा. जेवण मांडलं की निको वाढायला. वाकून, "माफ असावं, माफ असावं" म्हणत बसलेल्या मंडळींच्या समोरून ताटं नेणार, आणि स्वतः मागच्या बाजूला ट्रकच्या फळीवर टेकून जेवणार. परदेशातून आलेले लोक खुर्ची मागतात, पंखा मागतात. हा तर चटईसुद्धा मागत नाही! आया आपल्या पोरांना सांगू लागल्या, "शीक त्याच्याकडून. लगेच बूड टेकवतोस ते."

निकोने दोनतीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. "माझे गुडघे जरा..." एवढं म्हणेपर्यंत समोरचा म्हणायचा, "बघा! स्वतःचं कौतुकही ऐकून घेत नाही."

मग त्याने नाद सोडला. शिवाय उभ्याने करायची कामं शोधता शोधता त्याला एक काम असं सापडलं, जे कुणी करतच नव्हतं. गावाचा वरचा भाग डोंगराच्या उतारावर. मोटार चर्चपर्यंतच येते, वर नुसत्या पायऱ्या आणि दगड. वरच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना इस्पितळात जायचं तर पोरं चौघांत ब्लँकेट धरून आणायची, आणि एक पोरगा मोबाइलकडे बघत असला की म्हातारी कोपऱ्यातून घसरायची. निकोने पहिल्यांदा सालाफाईच्या शेजारणीला पाठुंगळीला घेतलं. ती ओट्यावरून सरळ त्याच्या पाठीवर बसली, त्यामुळे त्याला खाली वाकायची गरजही पडली नाही. अकरा वर्षं त्याने पाठीमागच्या माणसाला जपलं होतं. आता तोच माणूस पाठीवर होता, एवढाच फरक.

महिन्याभरात वरच्या घरांतली सगळी म्हातारी मंडळी त्याची गिऱ्हाइकं झाली. सोमवारी डायलिसिसवाले, बुधवारी डोळेवाले, रविवारी चर्चवाले. कुणाला पाठीवर गाणं म्हणायची सवय, कुणी झोपून लाळ गाळायचं. एक आजी दर पायरीला "येशू!" म्हणायची. निकोला या सगळ्यात जी मजा येत होती ती भरलेल्या मैदानातही आली नव्हती. इथे प्रत्येक जण त्याचं नाव घेत होता, आणि चूक केल्यावाचून घेत होता.

फक्त एक गिऱ्हाईक अवघड होतं. आसोतासी.

आसोतासी हा गावाचा वक्ता-सरदार. सभेत गावाच्या वतीने बोलणं हा त्याचा पिढीजात हक्क, आणि तो हक्क तो शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचा. वंशावळ सुरू केली की वरच्या डोंगरावरून निघून समुद्रापर्यंत यायचा आणि वाटेत एकही ओढा सोडायचा नाही. त्याचं भाषण सुरू असताना एकदा एका डुकरिणीने पिलं घातली असं लोक सांगतात. अंगाने काटकुळा, खुबा मोडलेला, आवाज मात्र शंखासारखा. आणि तो शंख आता निकोच्या कानापाशी.

"पोरा, तुझ्यासारखे लोक परदेशातून डॉलर पाठवतात आणि त्याला सेवा म्हणतात."

"हो, तामा." म्हणजे बाबा.

"सेवा हातांनी करायची असते."

"हो, तामा."

"मी सभेत तुझ्या विरोधात बोलणार आहे."

"बोला की. फक्त गळा थोडा सैल सोडा, श्वास कोंडतोय."

"गळा सोडला तर पडेन ना मी! डावीकडे खड्डा आहे. डावीकडे! तुला फुटबॉलमध्ये घेतलं कुणी?"

असं महिनोन् महिने चाललं. आसोतासी निकोच्या पाठीवर बसून निको कसा नालायक आहे ते सविस्तर सांगायचा, आणि निको त्याला जपून खाली उतरवायचा. पुढे पुढे नालायकीचे मुद्दे संपले तेव्हा तो भाषणांची तालीम करू लागला. निको चुकून म्हणाला, "तामा, काल तुम्ही कासवाची गोष्ट आधी सांगितली होती." तर म्हातारा दुसऱ्या दिवसापासून कासव आधी घेऊ लागला.

उतारावर निकोचे गुडघे वाजायचे. कटक, कटक. वाळल्या नारळाच्या झावळीवर पाय पडावा तसे.

"हे काय वाजतं रे?"

"चपला, तामा."

"तू अनवाणी आहेस."

निकोने पुढची पायरी उतरली. आसोतासी त्यावर काही बोलला नाही, आणि त्याने न बोलणं ही केवढी गोष्ट होती ते निकोच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सभागृहात प्रत्येक सरदाराचा आपापला खांब असतो, त्याला पाठ टेकून तो बसतो. निकोच्या घराण्याची पदवी तुईमालू. ती त्याच्या मामाकडे, सालाफाईच्या भावाकडे होती. मामा वारले आणि खांब रिकामा पडला तो चार वर्षं. खांब रिकामा म्हणजे सभेत घराण्याचा आवाज नाही. जमिनीचा वाद असो की पाण्याच्या नळाचा, सालाफाईच्या घराचं म्हणणं कुणीतरी दुसऱ्याने कृपा म्हणून मांडायचं. सालाफाई दर शनिवारी सभागृह झाडायला जायची आणि तो खांब फडक्याने पुसून यायची. रिकाम्या खांबाला कोळी लवकर जाळं करतो, म्हणायची.

एका संध्याकाळी ती धापा टाकत भट्टीपाशी आली.

"ठरलं! निको, ठरलं! घराण्याचं एकमत झालं, गावानेही मान डोलावली. तू तुईमालू!"

निकोच्या चिमट्यातून तापलेला दगड पडला.

"मी? का?"

"का म्हणजे? सगळे एकच म्हणाले. जो माणूस आल्या दिवसापासून गावासमोर बसला नाही, त्यालाच बसवायचं!"

"तिना, ऐक, मला..."

"आसोतासीसुद्धा विरोधात बोलला नाही! नुसता खोकला." तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मला वाटलं होतं खांब रिकामाच बघत मरेन मी. आता मरायला मोकळी."

आता या बाईला काय सांगणार? की तुझा भाचा बसूच शकत नाही म्हणून? निकोने पडलेला दगड हाताने उचलला. तो अजून गरम होता.

दुसऱ्या दिवसापासून तो केळीच्या बागेत लपून सराव करू लागला. एका झाडाला धरून खाली सरकायचा, उजवा पाय हाताने ओढून डाव्याखाली घालायचा. घडी व्हायची, तेवढं शरीर अजून ऐकत होतं. पण मग गुडघ्यात कुणीतरी तापली सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, आणि एक भजन मनात म्हणून संपायच्या आत पाय आपोआप सरळ व्हायचा. पदवीचा समारंभ काही एका भजनाचा नसतो. आधी वक्ते आपसात वाद घालतात, आज बोलायचा मान कुणाचा म्हणून. हा वाद सभ्य असतो, गोड असतो आणि संपत नाही. मग ज्याला मान मिळतो तो बोलतो. आणि मग कुठे आवाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाचा, प्याला येतो. प्याला ओठाला लागेपर्यंत नव्या सरदाराने हलायचं नाही. एकदा सेकोने बागेत आला, त्याने निकोला केळीच्या बुंध्याला मिठी मारून रडताना बघितलं आणि हळूच परत गेला. गावभर सांगितलं, निको बागेत प्रार्थना करतो.

समारंभाच्या आदल्या दिवशी आसोतासीला इस्पितळातून वर नेताना निकोने धीर केला.

"तामा, उद्या बोलायचा मान तुम्हालाच मिळेल ना?"

"दुसरं कोण आहे?"

"किती वेळ बोलाल?"

पाठीवर म्हातारा ताठ झाला. "किती वेळ? पोरा, बांधताना होडीला विचारतात का, किती लाकूड? चार वर्षं मी हे भाषण रचतोय. तुझा मामा गेला त्या दिवशी सुरुवात केली. तुईमालूंच्या सात पिढ्या आहेत त्यात. वादळ आहे, लढाई आहे, बुडालेली होडी आहे. माझा खुबा असा, छाती अशी. असं भाषण आता परत माझ्या वाट्याला यायचं नाही." आणि मग जरा वेळाने, "का विचारलंस?"

कटक, वाजला गुडघा.

"सहज, तामा."

समारंभाचा दिवस उजाडला. निकोच्या उघड्या अंगाला खोबरेल तेल चोपडलं, कमरेला जुनी मऊ चटई गुंडाळली, गळ्यात लाल बियांची माळ. सभागृह भरलं. एकेका खांबाशी एकेक सरदार, बाहेर गवतावर बायका, झाडाखाली पोरं. सालाफाई अगदी पुढे. निको सभागृहात शिरला, आपल्या खांबापाशी आला, पाठ खांबाला लावली आणि खाली सरकला. उजवा पाय आत. डावा पाय आत. बसला.

बाहेर बायकांच्या तोंडून एक लांब "आऽऽ" निघालं. निको बसला!

वक्त्यांचा वाद सुरू झाला. पहिला म्हणाला, आजचा मान माझा नाही, पण मला मिळाला तर मी नाही म्हणणार नाही. दुसरा म्हणाला, माझ्या आजोबांनी याच घरात याच कामाला तोंड उघडलं होतं. पहिला म्हणाला, त्या आजोबांना माझे नमस्कार, पण त्या दिवशी माझे आजोबा आजारी होते म्हणून. तिसऱ्याने नुसताच घसा साफ केला, पण तोही सावकाश.

निकोने नजर समोरच्या खांबावर लावली. हाक येईपर्यंत हलायचं नाही. सवयीचं आहे. हजारो वेळा केलंय. पण तिकडे हाक श्वासाच्या आत यायची. इथे तर अजून हाक कोण देणार तेच ठरत नव्हतं. डाव्या गुडघ्यातली सुरी फिरू लागली. कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथे थांबला, तोही हलेना. डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर सालाफाईने शेजारणीला कोपर मारलं. "बघ. मामाची आठवण आली त्याला."

निकोच्या मनात मामा नव्हते. त्याच्या मनात पलीकडच्या गावची बस होती. उद्या त्याच्या घरची माणसं बसने जातील आणि पोरं पाय काढून दाखवतील. सालाफाई खिडकीशी बसलेली असेल. समोरच, पायाच्या अगदी नेमात, मोठा सरदार बसला होता. अंगठा आधी वळवळला. मग पोटरी. पाय आता त्याचा राहिला नव्हता.

आणि त्या शांततेत गुडघा वाजला. कटक.

आसोतासीने मान वर केली.

दोघांची नजर भेटली. म्हातारा निकोकडे बघत होता, निकोच्या घामाकडे, मग गुडघ्याकडे. त्याचे ओठ हलत होते. सात पिढ्या तिथे ओठांवर रांगेत उभ्या होत्या. चार वर्षं रचलेलं भाषण, वादळासकट, होडीसकट. त्याने एकदा डोळे मिटले. मग शंख वाजला.

"पुरे. मी बोलतो."

बाकीचे वक्ते चक्रावले. पहिला म्हणाला, "आसोतासी, निदान मान मागा तरी! आम्ही अजून..."

"तुम्ही तिघे उद्या माझ्या घरी या आणि पाहिजे तितका वाद घाला. कोको पाजतो." तो निकोकडे वळला. सगळ्या गावाने मांड्या नीट केल्या, आयांनी तान्ही पोरं छातीशी घेतली, एका अनुभवी म्हाताऱ्याने उशी मागवली. आसोतासी म्हणाला:

"तुईमालू आला. खांब भरला. प्याला द्या."

कुणी हललं नाही. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आवा ढवळणाऱ्या मुलीचा हात तसाच भांड्यात.

"बहिरे झालात का?" आसोतासी गरजला. "प्याला द्या!"

मग एकच धांदल. प्याला भरला, पुकारा झाला, सेकोने प्याला घेऊन आयुष्यात पहिल्यांदा कुणाची नक्कल न करता धावला. निकोने करवंटी दोन्ही हातांनी घेतली, दोन थेंब जमिनीला दिले आणि तो कडवट गढूळ घोट एका दमात गिळला. बाहेरून जल्लोष उठला. त्या जल्लोषात समोरच्या मोठ्या सरदाराने मागे वळून थुंकी टाकली, आणि तेवढ्या क्षणात निकोचा डावा पाय सरळ झाला. शेजारच्या सरदाराने काही न बोलता स्वतःची चटई त्याच्यावर फेकली. एकदा पदवी मिळाली की चटईखालचा पाय हा पाय नसतो. असा नियमच आहे. निकोने दुसराही पाय सरळ केला आणि डोकं खांबाला टेकवून असा सुस्कारा सोडला की खांबावरचा सरडा पळाला.

"किती भरून आलंय त्याला," सालाफाई म्हणाली. तिला स्वतःला काही दिसत नव्हतं, डोळे इतके वाहत होते. "माझा निको. माझा तुईमालू."

समारंभ आटोपला. डुकरं वाटली गेली, चटया वाटल्या गेल्या, आणि ऊन कलायच्या आधी गाव मोकळं झालं. असं वाईसिनात कधी झालं नव्हतं. लोक उगीचच इकडेतिकडे उभे होते, हातात वेळ होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. "आजारी असेल आसोतासी," कुणीतरी म्हणालं. "छे, वय झालं. विसरला असेल," दुसरा म्हणाला.

हे आसोतासीने ऐकलं. त्याने तोंड फिरवलं.

घरी जायची वेळ झाली. निको सवयीने पाठ करून उभा राहिला, तर सगळे ओरडले. सरदाराने ओझं वाहायचं नसतं! सेकोनेला पुढे ढकललं गेलं. त्याने आसोतासीला पाठीवर घेतलं आणि पहिल्याच पायरीला कण्हला. निको काठी टेकत शेजारून चालू लागला. मागून सालाफाई, शेजारीण आणि रिकामं झालेलं अर्धं गाव.

चर्चच्या वरच्या वळणावर एक बुटका दगडी कठडा आहे. निको तिथे थांबला.

"तामा, ती होडी कशी बुडाली?"

"कुठली होडी?"

"भाषणातली."

आसोतासीने त्याच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. "होडी पाचव्या पिढीत येते. पहिल्या चार सांगितल्याशिवाय होडी कशी सांगणार?"

"मग पहिल्यापासून सांगा."

"इथे? वाटेवर?"

"इथे."

"तामा," सेकोने खालून म्हणाला, "आधी घरी पोहोचू ना, मग सात पिढ्या..."

"ओझ्याच्या जनावराने मध्ये बोलू नये. उतरव मला त्या कठड्यावर."

त्याला कठड्यावर बसवलं. म्हाताऱ्याने लुंगी सारखी केली, माशी वारायचा झुपका खांद्यावर टाकला, घसा साफ केला. मागून येणारे लोक पायऱ्यांवर जागा धरून बसू लागले. एकाने खालच्यांना हाक मारली, "या रे! सुरू होतंय!" कुणीतरी भाजलेलं ब्रेडफ्रूट फोडून वाटलं.

वाटेवर बसायचा काही नियम नाही. निको समोरच्या ओट्यावर टेकला, दोन्ही पाय लांब, अगदी लांब पसरले, बोटं आकाशाकडे करून. सालाफाईने त्याच्या मांडीवर गरम तुकडा ठेवला.

आसोतासी डोंगराच्या माथ्यावरून निघाला. पहिल्या ओढ्यापाशी येऊन तो दम खायला थांबला, तेव्हा निकोने तोंडातला घास गिळला.

"मग? पुढे काय झालं, तामा?"